गाठोड्यासाठी घर

पेन्सिलीच्या मागच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या — चार वर, तीन खाली, पिवळ्या रंगाखालचं पांढरं लाकूड उघडं पडेपर्यंत — आणि त्या खुणा मुलीच्या की कुत्र्याच्या हे तिला काही केल्या ठरवता येईना. सकाळी घाईत निघताना जेवणाच्या टेबलावरून जे हाताला लागलं ते तिने पर्समध्ये टाकलं होतं. मुलगी गणितं सोडवताना पेन्सिली चावते, लहानपणापासूनची खोड. आणि गाठोड्या टेबलाखाली बसून जे खाली पडेल ते चावतो. दोघांनी एकच पेन्सिल पाळीपाळीने चावली असेल... तेही शक्य होतं, त्या दोघांचं काही सांगता येत नाही. तिने खुणेवरून अंगठा फिरवला, आणि तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला.

डोळ्यांच्या दवाखान्याचा हा काउंटर ती सहा वर्षं सांभाळत होती. लोकांना वेळा देणं, वेळा बदलणं, आणि डॉक्टरांच्या वतीने नाही म्हणणं. यातलं तिसरं काम सगळ्यात नाजूक, आणि त्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. दिवसाची यादी भरली की ती कोणाला तोंडावर नाही म्हणायची नाही. ती आधी सकाळी सव्वासातची वेळ सांगायची. मग डोळ्यांत औषध घातल्यावर दोन तास बसावं लागेल हे सांगायची. मग परत जाताना गाडी चालवता येणार नाही, सोबत कोणीतरी हवंच, आणि त्या दिवशी गर्दीही जरा जास्तच आहे बरं का — हे सगळं इतक्या मायेने की पलीकडचं माणूस आपणहून म्हणायचं, "मग पुढच्या महिन्यातच येतो ना," आणि वर तिचेच आभार मानायचं. डॉक्टर एकदा हसून म्हणाले होते, "तुम्ही नाही म्हटलंत हे लोकांना कळतसुद्धा नाही." ते तिला फार आवडलं होतं. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं, मुलीलाही सांगितलं. मुलगी "हं" म्हणाली होती.

मुलीचं ते "हं". पंधरा वर्षांची मुलगी, आणि घरात आईच्या वाट्याला दिवसाकाठी येतात ती पाच-सहा "हं", दोन "बरं", आणि भूक लागली असेल तर एखादं पूर्ण वाक्य. मी काही तक्रार करत नाही, ती मनातल्या मनात म्हणाली, या वयात सगळ्याच मुली अशा असतात — पण सगळ्याच मुलींच्या खोलीच्या बंद दाराआडून तासतासभर बोलण्याचा सूर येत नाही. शब्द नाहीत, नुसता सूर. चढतो, उतरतो, मध्येच हसतो. आणि उत्तरादाखल कधीमधी शेपटी जमिनीवर आपटल्याचा आवाज.

ते राहत होते त्या घराच्या मालकीणबाई भल्या होत्या. पण त्यांची लेक मुलाबाळांसह कायमची परत येणार होती आणि महिनाअखेर घर रिकामं करून हवं होतं. नवं घर शोधायचं काम आपोआप हिच्या गळ्यात पडलं. "फोनवर बोलायचं ना, मग तूच बघ," नवरा म्हणाला, "तुझ्याइतकं गोड आमच्यात कोण बोलतं?" तीन आठवड्यांत तिने दहा घरांना फोन केले होते, आणि दहाही ठिकाणी घोडं अडलं ते गाठोड्यापाशी. माणसं चालतील, कुत्रा नको. नवऱ्याच्या ऑफिसातल्या स्टोअरकीपरचं शहराबाहेर घर होतं, पुढेमागे मोकळी जागा, त्याला कुत्र्यांची आवड. तो गाठोड्याला ठेवून घ्यायला एका पायावर तयार होता. काल रात्रीच्या जेवणात ठरलं — गुरुवारपर्यंत घर मिळालं नाही तर रविवारी गाठोड्या तिकडे जाणार. नवरा हे ताटातून मान वर न करता बोलला होता. मुलगी अर्धं जेवण टाकून उठली होती. तिच्या खोलीचं दार लागलं, मग वीतभर उघडलं, गाठोड्या आत गेला, आणि दार पुन्हा लागलं.

आज गुरुवार होता.

जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याची मधली खोली शांत असे. औषध घातलेले तीन-चार पेशंट भिंतीकडेच्या बाकांवर डोळे मिटून बसलेले. तिने डबा अर्धा खाऊन बाजूला सारला आणि यादीतलं अकरावं घर लावलं. बाईचा आवाज होता, आणि चांगला होता. घर मोठं आहे, शाळा जवळ आहे, कुटुंबच हवं आहे. "आमच्याकडे एक कुत्रा आहे," ती म्हणाली. "हो का? लहान आहे का?" "नाही, चांगला मोठा आहे. आधीच सांगितलेलं बरं. केस फार गळतात त्याचे, अगदी जेवणातसुद्धा येतात म्हणा ना. पिल्लू होता तेव्हा आताच्या घराची चौकट कुरतडून ठेवली होती, ती भरून द्यावी लागली. झोपेत ओरडतो. आणि आता वय झालंय, तेव्हा पुढे आजारपणं..."  मग पलीकडची बाई फार हळहळून म्हणाली की तिला स्वतःला काही नाही, पण शेजारी जरा... आणि तिने, नेहमीसारखं, त्या बाईला वाईट वाटू नये म्हणून तिचीच समजूत घातली. "अहो, काही हरकत नाही, मी समजू शकते." फोन ठेवला. आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तो पडल्याचं तिला कळलं, हेच नवीन होतं. आधीच्या दहा वेळाही पडला असणार. ती नाकारल्या गेलेल्या माणसासारखा चेहरा करून बसली होती, आणि पोटात मात्र परीक्षा रद्द झाल्यासारखं हलकं वाटत होतं...

"अकरावं का हे?" बाकावरून आवाज आला.

लिलाववाले काका होते. दर गुरुवारी डोळ्यांचा पडदा तपासायला यायचे. आयुष्यभर लिलाव पुकारण्याचा धंदा केलेला माणूस, दवाखान्यात कुजबुजले तरी फाटकापर्यंत ऐकू जायचं. आता डोळे मिटून, हातांची घडी घालून बसलेले.

"तुम्ही मोजताय काका?"

"तीन गुरुवार इथे बसतोय, आकडा तुम्हीच पुटपुटत नंबर लावता. डोळे मिटायला लावता, मग कान काय करणार बिचारे?" ते म्हणाले. "बाई, राग मानू नका. पण त्या कुत्र्याची तुम्ही जी तारीफ करता ना, ती ऐकून मी त्याच्याबरोबर तुम्हालाही घराबाहेर काढलं असतं."

दुसऱ्या बाकावरचं कोणीतरी फसकन हसलं. तिला कानशिलं तापल्यासारखी वाटली. "खोटं कसं सांगायचं? मागाहून वाद नकोत."

"खोटं कोण सांगा म्हणतंय? चाळीस वर्षं मी तीन पायांची टेबलं विकली, न लागणारी कपाटं विकली. दोष लपवला नाही कधी. पण दोष शेवटी सांगायचा हो. आधी माणसाला त्या टेबलाजवळ उभं करायचं, त्यावर हात ठेवायला लावायचं. तुम्ही आधीही दोष सांगता, नंतरही दोष सांगता, आणि मग आभार मानून फोन ठेवता." त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच मान तिच्याकडे वळवली. "एक तरी चांगलं सांगा की त्याचं. मला सांगा. काय चांगलं आहे त्याच्यात?"

तिने तोंड उघडलं. चांगलं? दार वाजलं तर तो भुंकत नाही. शाळा सुटायच्या वेळी न चुकता खिडकीशी जाऊन बसतो. अंगावरून पाणी घालताना भिऊन थरथरतो पण चावत नाही. हे सगळं होतं, ढीगभर होतं, आणि यातलं एकही तिच्या तोंडून बाहेर पडेना.

"तो ऐकतो," ती शेवटी म्हणाली.

"काय ऐकतो?"

"सगळंच."

काकांनी मान डोलावली. मग म्हणाले, "माझा वरचा मजला रिकामा पडलाय. दोनला सुटता ना आज? बघून जा. नाहीतरी या डोळ्यांनी मला घरापर्यंत पोचवायला कोणीतरी हवंच, तुमच्याच नियमाप्रमाणे."

दोन वाजता ती त्यांचा कोपर धरून रस्त्याने निघाली. उन्हं चढलेली, काकांना काळ्या चष्म्यातूनही ती सोसत नव्हती, आणि फुटपाथची कड आली की ती "उतार आहे", "आता चढ" असं सांगत होती, त्याच काउंटरवरच्या आवाजात. रस्ता रुंद होता, दोन्ही कडांना झाडं, त्यांच्या सावलीत ओळीने लावलेल्या गाड्या. एका कुंपणाआडून कुत्रं भुंकलं तेव्हा काका म्हणाले, "याचं काही नाही, हा रोज भुंकतो, मी त्याला गुड आफ्टरनून म्हणतो." ती हसली. मग तिच्या मनात आलं, ही जागा मिळेल — आणि तिचा पाय अडखळला.

का अडखळावा? किती नवस केल्यासारखं शोधलं होतं घर! ...शोधलं होतं का? ती चालता चालता आठवू लागली. सहाव्या घराचा माणूस म्हणाला होता, आमच्याकडेही होता कुत्रा, गेला मागच्या वर्षी — आणि त्याचा आवाज ओला झाला होता, तो हो म्हणण्याच्या अगदी काठावर आला होता, आणि मी... मी तेव्हा सांगितलं की आमचा पावसाळ्यात पलंगाखाली घाण करतो. एकदा केली होती. सात वर्षांत एकदा, विजा कडाडत होत्या तेव्हा.

सात वर्षं. मुलगी आठ वर्षांची असताना नवऱ्याच्या बदलीमुळे ते या शहरात आले, आणि नव्या शाळेत गेल्यावर मुलीची वाचाच गेल्यासारखी झाली. हो नाही एवढंच. तीन महिने. डॉक्टर झाले, समुपदेशक झाले, सगळ्यांनी हात टेकले. मग एका संध्याकाळी नवरा जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून ते पिल्लू घेऊन आला. मुलीने स्वेटर उलगडला आणि म्हणाली, "गाठोड्या." तीन महिन्यांत हो-नाहीपलीकडचा पहिला शब्द. त्या रात्री हीच, हीच बाई, मुलीच्या दाराला कान लावून उभी होती, आतून बोलण्याचा सूर येत होता, आणि ही पदराचा बोळा तोंडात धरून रडत होती — बोलतेय, बोलतेय गं बाई. त्या वर्षी तिने गाठोड्याला स्वतःच्या ताटातलं काढून घातलं होतं. मग हे कधी झालं? कुठल्या दिवशी त्या बंद दाराआडचा सूर ऐकून पाझरायच्या ऐवजी टोचायला लागलं? शाळेच्या सहलीला मुलगी पहिल्यांदा एकटी जाऊन आली, तेव्हा असेल. "कशी झाली गं सहल?" "बरी." आणि मग दार लागलं, आणि दीड तास... दीड तास त्या मुक्या जनावराला बरी म्हणजे किती बरी, कोणाबरोबर बरी, हे सगळं सांगून झालं. दिवसभर माणसं माझ्याशी बोलतात, परकी माणसं, डोळे मिटून आपल्या सुनांच्या कागाळ्या करतात — आणि माझ्या घरात माझा नंबर कुत्र्यानंतर.

म्हणजे मी कुत्र्याचा मत्सर करते. असं सरळ मनाशी म्हटल्यावर तिला थोडं हसू आलं, आणि मग आलं नाही.

काकांनी खालच्या मजल्यावर खुर्ची गाठली आणि किल्ली तिच्या हातात दिली. "जा वर. मी येतो दम खाऊन."

वर तीन खोल्या आणि स्वयंपाकघर. रिकाम्या घराला असतो तसा जुन्या रंगाचा आणि बंद खिडक्यांचा वास. फरशी स्वच्छ, नळाला पाणी जोरात, मागच्या बाजूला लोखंडी जिना आणि गवताचा एक लांबट तुकडा — गाठोड्याला पुरेसा. नवऱ्याला आवडेल. मोठ्या खोलीत कपाट मावेल. तिने सवयीने मनातल्या मनात सामान लावलं, मुलीला सगळ्यात लहान खोली, खिडकीखाली टेबल. आणि मग ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असताना एकदम कोणीतरी अगदी कानाशी म्हणालं, "इथे पंखा लावून घ्यावा लागेल."

ती दचकली. काका आले होते, पण स्वयंपाकघरात नाही, शेजारच्या लहान खोलीत, स्वतःशी बोलत. आणि या वेळी तर ते खरोखरच पुटपुटत होते. तरी शब्द न् शब्द... खोकण्याआधी त्यांनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

"ही भिंत नंतरची आहे हो," ती तिकडे गेल्यावर त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. "फळ्यांची. वर रंग दिलाय. थोरल्याला वेगळी खोली हवी झाली, म्हणून आम्ही स्वयंपाकघरच मधून कापलं. दोष शेवटी सांगायचा म्हणालो ना, तो हा. आवाज जातो."

"असू दे," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

ती पुन्हा ओट्याशी गेली, उगाच, नळ बघायचा म्हणून. संध्याकाळची वेळ तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मी इथे. हातात सुरी असो, भांडं असो, काय वाटेल ते असो. फळीपलीकडे ती आणि तो. सूर नाही, शब्द. सहल, मैत्रिणी, शाळेत कोण काय म्हणालं, कोण आवडतं, आईचं काय चुकतं — सगळं आपोआप, कान न लावता, चोरी न करता, नुसतं घरात उभं राहून मिळेल. त्यासाठी फक्त कुत्रा सांभाळायचा. कुत्रा नसेल तर ती बोलणार कोणाशी? म्हणजे गाठोड्या आता हवाच होता, आणि तोही माझ्यासाठी... ती नळ सोडून पाणी बघत राहिली. अकरा वेळा मी त्याला घालवायला निघाले ते वाईट, की आता ठेवायला निघाले हे वाईट, तिला कळेना.

"काय, जमतंय?" काका दारात आले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. बाहुल्या अजून मोठ्याच होत्या, त्यामुळे ते तिच्याकडे बघत आहेत की नुसते उजेडाकडे, हे समजत नव्हतं. "एकच विचारतो. केस गळू देत, चौकट खाऊ दे, चौकट तशीही वाळवीने खाल्लीय. पण तुम्हाला स्वतःला तो ठेवायचाय ना? नाही, तुमचं फोनवरचं बोलणं ऐकून शंका येते म्हणून विचारलं."

कोणी तिला हे विचारलं नव्हतं. घरात सगळे धरूनच चालले होते की तिला तो हवा आहे. पाणी घालते ती, फिरवते ती, दवाखान्यात नेते ती.

"मुलीला ठेवायचाय," ती म्हणाली.

"बरं," काका म्हणाले, आणि त्यांनी जास्त ताणलं नाही. "संध्याकाळी सातपर्यंत सांगा. आणखी एक जोडपं बघून गेलंय. पण तुम्ही हो म्हणालात तर जागा तुमची. कुत्र्यासकट."

बाहेर आल्यावर ती समोरच्या झाडाखालच्या बाकावर बसली. साडेतीन वाजले होते. मुलगी घरी आली असेल. फोन हातात घेऊन ती बराच वेळ तशीच बसून राहिली. नाही म्हणाले, असं सांगितलं तर? काका सातपर्यंत वाट बघतील आणि त्या जोडप्याला जागा देतील, कोणाला पत्ता लागणार नाही, आणि रविवारी... रविवारनंतर संध्याकाळी त्या खोलीत शांतता. मग मुलगी कधीतरी दार उघडून बाहेर येईल आणि... येईल? की पुन्हा तीन महिने?  तिने घरचा नंबर लावला.

"हं."

"मी बोलतेय. जेवलीस?"

"हं." मग थोडं थांबून, "अकरावंही नाही म्हणालं ना?"

"नाही म्हणालं," ती म्हणाली. "पण आणखी एक बघितलं. दवाखान्यातल्या काकांचं. वरचा मजला आहे. मागे गवत आहे." तिचा आवाज तिला अनोळखी वाटला, जरा खरखरीत, काउंटरवरचा नव्हे. "ते हो म्हणालेत."

"गाठोड्याला?"

"गाठोड्याला."

 पलीकडून फोन टेबलावर ठेवल्याचा, जवळजवळ टाकल्याचा आवाज, धावती पावलं, खुर्ची सरकली, नखं फरशीवर खरडली. मुलीने फोन बंद केलाच नव्हता.

"ऐकलंस का रे! ऐकलंस का, ढब्बू! आईने मिळवलं. मी काय म्हणत होते तुला रोज? घाबरू नकोस, आई बघतेय, आई कोणालाही हो म्हणायला लावते — म्हटलं होतं की नाही? गाढवा, उगाच रात्रभर तोंड पाडून बसलास..." 

शब्द. सूर नाही, शब्द. उन्हात बाकावर बसलेल्या त्या बाईचा चेहरा कोणी पाहिला असता तर त्याला वाटलं असतं की हिला काहीतरी वाईट बातमी कळलीय. म्हणजे इतके दिवस त्या बंद दाराआड हे चाललं होतं. तिच्या बोलण्यात जी आई रोज येत होती, जिच्या भरवशावर दोघं झोपत होती, ती बाई मी नव्हतेच. अकरा घरांना मी... आणि हे तिला सांगता येणार नाही, आज नाही, कदाचित कधीच नाही. तोंड लपवायला त्या रिकाम्या रस्त्यावर जागा नव्हती. तिने फोन कानाला आणखी घट्ट धरला.

पलीकडे हसणं थांबलं. मुलगी जमिनीवर बसली असावी, आवाज खालून, जवळून येऊ लागला.

"आता तुला एक सांगू? पण आईला नाही हं सांगायचं. अगदी शप्पथ. आज काय झालं माहितेय—"

तिने फोन बंद केला.

अंगठा त्या जागी तसाच दाबलेला राहिला.  एक मोटार सावकाश पुढून गेली, कोणाच्या तरी घरात भांडं पडलं, आणि या घटकेला आपल्या मुलीच्या तोंडून काहीतरी बाहेर पडत आहे आणि ते आपल्याला माहीत नाही, हे तिला दुखलं — चांगलंच दुखलं, पण ते दुखणं पूर्वीचं नव्हतं, त्यात कोणाला घालवून द्यावंसं वाटत नव्हतं. एकदा जमलं. पण रोज संध्याकाळी, त्या ओट्याशी, हात ओले असताना, मला दर वेळी तिथून निघून जाता येईल? तिला ठाऊक नव्हतं. समोरच्या घरात वरच्या मजल्याच्या खिडक्या काकांनी हवा यायला उघड्या टाकल्या होत्या, आणि ती त्यांच्याकडे बघत बसून राहिली, सात वाजायला अजून पुष्कळ वेळ होता.